बेलार्मिना पाच वेळा बसली

गेल्या महिन्यात आमच्या जीपवाल्यांच्या संघाने चौकातल्या भिंतीवर माझ्या आईचं चित्र काढून घेतलं. पेरेइरा शहरातून चित्रकार आणला, तीन दिवस शिडीवर चढवला. निळी जीप, टपावर कॉफीची पोती नि केळीचे घड, आणि जीपच्या मागे बुटक्या स्टुलावर बसलेली माझी आई. मांडीत टोपलं, हातात सुरी, कच्ची केळी सोलते आहे. खाली हातभर अक्षरांत लिहिलंय, ‘बेलार्मिना पाच वेळा बसली, एकदाही उठली नाही.’ आणि चित्रात ती हसते आहे.

मी संघाच्या कचेरीत गेले आणि म्हटलं, “ते हसू पुसा.”

अध्यक्ष म्हणाले, “नुबियाताई, असं काय करता? हसरी छान दिसते की!”

“ती हसत नव्हती.”

“तेवढं चालतंय हो. चित्र आहे ते.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तेहेतीस वर्षं मी या रांगेत चौदा नंबरची जीप चालवते आहे. माझ्या गाडीत बसून निम्मं गाव शाळेला गेलं नि निम्मं दवाखान्यात गेलं, पण माझ्या आईच्या तोंडावर काय होतं हे मी सांगितलेलं कुणाला नको आहे. ती पाचातल्या एकाही वेळी हसली नव्हती. आणि पाचव्या वेळी ती का बसली, हे सगळे सोयीने विसरले आहेत. मला विसरता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या गावात सपाट जागा एकच, चौक. बाकी चढ नाहीतर उतार. कॉफी, केळी, डुकरं, मास्तरीण, बाळंतीण, प्रेत, जे काही यायचं-जायचं ते जीपने. आत आठ माणसं, मागच्या पायरीवर लटकून सहा, टपावर मावतील तेवढी. चढावर गाडी थांबली आणि पुन्हा उचलताना हातभर जरी मागे घरंगळली, तरी लटकणाऱ्यांचे पाय गेलेच म्हणून समजा. तेव्हा संघाने फार पूर्वी एक परीक्षा ठरवली. नवा ड्रायव्हर रांगेत घ्यायचा तर त्याने भरलेली गाडी चर्चशेजारच्या दगडी चढावर मध्यावर उभी करायची. हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाखाली दगड लावायचा नाही. मागच्या बंपरपासून दोन विती सोडून स्टूल मांडायचं आणि त्यावर ड्रायव्हरच्या घरचं माणूस बसवायचं, पाठ गाडीकडे, तोंड उताराकडे. मग गाडी उचलून वर न्यायची. गाडी मागे आली तर ड्रायव्हर नापास. आणि बसलेलं माणूस मध्येच उठलं तरीही नापास. ज्याच्यावर घरच्याच माणसाचा भरवसा नाही, त्याच्या गाडीत गावाने का बसावं?

यात काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. मीही रोज माणसं लटकवून नेते. पण घरचं माणूस म्हणजे कोण? संघ झाल्यापासून त्या स्टुलावर एकही पुरुष बसलेला नव्हता. आया बसायच्या, बायका बसायच्या. एकदा तर आठवा महिना लागलेली बायको बसवली होती. आणि हातात केळी नि सुरी द्यायची, म्हणजे बाई कशी निवांत आहे ते चारचौघांना दिसावं. या केळ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आई माझ्या चारही भावांसाठी बसली. नुसती परीक्षेपुरती नाही. परीक्षेआधी दोन-दोन महिने आमच्या घराजवळच्या, कॉफी वाळवायच्या खळ्याशेजारच्या चढावर सराव चालायचा, आणि सरावालाही तीच. बाबांचं म्हणणं असं की मागे दगड ठेवला तर पोरगा दगडाच्या भरवशावर राहतो, आई ठेवली तर लवकर शिकतो. हे ते चौकात बसून, अग्वार्दिएन्ते दारूचा घोट घेत, मोठी अक्कल सांगितल्यासारखं सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. तिसरा भाऊ, ओविदिओ, शिकताना ब्रेकवरून पाय काढून क्लच शोधत बसला आणि बंपर आईच्या खांद्यात गेला. आई पुढे कलंडली, हाताने सावरली आणि पुन्हा सरळ बसली. त्या दिवसापासून तिचा डावा हात डोक्यापर्यंत जाईना. तिची वेणी मी घालायचे. बाबांनी त्या गोष्टीचंही चौकात भांडवल केलं. “हाड सरकलं, पण माझी बायको नाही सरकली!”

गाडीत मात्र आई कधी पुढे बसली नाही. पुढची जागा गिऱ्हाइकाची किंवा बाबांच्या दोस्ताची. ती पोत्यांबरोबर मागे.

भाऊ शिकले आणि उडून गेले. एक व्हेनेझुएलात, एक काली शहरात बस चालवायला, ओविदिओ सैन्यात. थोरल्याने पेरेइरात एका पैसेवाल्या विधवेशी लग्न केलं. मी सोळा वर्षांची झाले त्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वळणं पाठ होती, त्या जोरावर चालवत राहिले आणि सप्टेंबरात जीप गटारात घातली. गाडीत मास्तरीण होती, तिचे दोन दात पडले. संघाने निरोप धाडला, की ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत चौदा नंबरला नवा ड्रायव्हर द्या, नाहीतर नंबर सोडा. जीप कुणाकडेही असेल, पण रांगेतला नंबर नसेल तर चौकातून गिऱ्हाईक उचलता येत नाही. आमच्याकडे जमीन नव्हती. होता तो नंबर.

बाबांनी भावांना एकेक करून फोन लावले. एकही यायला तयार नव्हता. मग ते जेवताना म्हणाले, “नंबर फाबेरला देऊ. आपला पुतण्या आहे, घरातच राहील. आणि नुबिया जाईल पेरेइराला, थोरल्याकडे. वहिनीला हाताखाली कोणीतरी हवंच आहे.”

हाताखाली म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी एकदा जाऊन आले होते. वहिनीच्या स्वयंपाकघरामागे धुण्याच्या हौदाशेजारी एक खिडकी नसलेली खोली होती आणि तिच्या दाराला बाहेरून कडी होती.

मी म्हटलं, “मी चालवते जीप.”

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाडग्यातलं गुळाचं पाणी संपवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बघू प्रयत्न करून. महिनाभर. मग रडायचं नाही.”

ते मला शिकवायला शेजारी बसायचे. दिसत काही नव्हतंच, त्यामुळे सगळा भर ओरडण्यावर. “क्लच! अगं क्लच! पाय आहे का भोपळा?” गाडी बंद पडली की टोपी काढून माझ्या गुडघ्यावर हाणायचे. मी बावरून क्लच पटकन सोडायचे, जीप बेडकासारखी उडी मारायची नि बंद पडायची. पुन्हा टोपी. फाबेर कुंपणावर कोपरं टेकून बघत उभा असायचा. तेवीस वर्षांचा, केसांना तेल चोपडलेला, तोंडात काडी.

“काका, हिच्या पायात क्लच बसवून घ्या पेरेइराहून,” तो म्हणायचा.

मी दरवाजा उघडून त्याच्या अंगावर गेले तर बाबांनी मलाच ओरडून परत बोलावलं. “राग नंतर. आधी गाडी उचल.” मला इतका संताप यायचा की डोळ्यांत पाणी यायचं, आणि पाणी आलं की दोघं म्हणायचे, बघा, रडली.

पाचव्या दिवशी बाबा डोळे दाखवायला तालुक्याला गेले. मी एकटीच चढावर गाडी घेऊन झगडत होते. आई स्वयंपाकघरात मक्याच्या अरेपा भाजत होती. खिडकीचं तोंड दुसरीकडे, तिथून मी दिसणं शक्यच नव्हतं. तिथूनच तिचा आवाज आला.

“उशिरा सोडतेस ब्रेक.”

मी म्हटलं, “काय?”

“ब्रेक. क्लच धरतो, इंजिनाचा आवाज खाली बसतो, मागचे स्प्रिंगचे पाटे करकरतात. तेव्हाच सोडायचा. तू आणखी चार श्वास थांबतेस. मग गाडी गुदमरते.”

“तुला कसं कळलं?”

ती पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. “अगं, दोन महिने, चार पोरं. तोंड उताराकडे, गाडी मागे. दिसत काहीच नाही. ऐकणार नाहीतर काय करणार? कुठला आवाज आला की मी मरणार नि कुठला आला की वाचणार, ते कानाला कळायला किती दिवस लागतात?”

माझ्या आईने आयुष्यात गाडीचं चाक हातात धरलं नव्हतं. क्लच कुठल्या पायाखाली असतो हेही तिला मलाच दाखवावं लागलं. पण तो कुठे पकडतो हे तिला बाबांपेक्षा, चारही भावांपेक्षा आणि चौकातल्या त्या सगळ्या शहाण्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि वीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

तिने स्टूल आणलं नाही. परसातून एक मोठा भोपळा आणला आणि मागच्या चाकामागे ठेवला.

“हे काय?”

“माणूस कशाला ठेवायचं? फुटला तर भाजी करू.”

ती स्वतः बाजूला कुंपणाच्या दगडावर बसली, डोळे मिटून. “हं. रेस दे. थोडी. एवढी नको, गाय हंबरल्यासारखी करतेस. आता क्लच वर घे... वर घे... बसला आवाज, ऐकलास? तिथे पाय थांबव. सोड ब्रेक.”

बाबा ओरडून दमले होते नि आता दिवसभर चौकात असायचे, त्यामुळे सराव आम्हा दोघींचाच. पहिल्या दिवशी तीन भोपळे फुटले. दुसऱ्या दिवशी दोन. बाबा रोज संध्याकाळी पहिला घास घेऊन विचारायचे, “पुन्हा भोपळा? ही काय जनावरांची गव्हाण आहे का?” आई म्हणायची, “यंदा फार धरलेत.” आणि मी पदराआड हसावं तशी ब्लाउजच्या बाहीत तोंड खुपसून हसायचे. सगळ्या त्या महिन्यात हसू आलं ते एवढंच. तिसऱ्या आठवड्यात शेवटचा भोपळा अख्खा राहिला. मी दहा वेळा गाडी थांबवली, दहा वेळा उचलली. भोपळा हलला नाही. आई डोळे न उघडता म्हणाली, “आता मला झोप लागेल इतकी चांगली उचललीस.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांनी कोपऱ्यातलं स्टूल काढलं, धूळ पुसली आणि आईपुढे ठेवलं. “उद्या नऊला.”

आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मी नाही बसणार.”

बाबांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. “परीक्षा आहे उद्या.”

“माहीत आहे. तुम्ही बसा.”

“मी?”

“घरचं माणूस लागतं ना? तुम्ही घरचेच आहात. चार वेळा मी बसले, एकदा तुम्ही बसा.”

“वेड लागलंय का तुला? पुरुष बसतो का तिथे?”

“का? पुरुषाला बंपर लागत नाही?”

बाबा उभे राहिले, परत बसले, टोपी घातली, काढली. आई शेंगा सोलतच होती. माझ्या आठवणीत ती त्यांना प्रथमच नाही म्हणाली होती, आणि तेही आवाज न चढवता. मला इतका आनंद झाला की मी तिच्या गळ्यात पडले. “बरोबर केलंस, आई! अगदी बरोबर!” हे मी म्हटलं होतं, माझ्या याच तोंडाने.

शनिवारी चौक गच्च भरला होता. बाजाराचा दिवस, त्यात पोरीची परीक्षा, त्यात अर्तेमिओ, म्हणजे माझे बाबा, स्वतः स्टुलावर बसणार ही बातमी. बिलियर्डच्या अड्ड्यातून माणसं काठ्या हातात घेऊनच बाहेर आली होती. संघाचे तेव्हाचे अध्यक्ष एलिओदोरोकाका शिट्टी गळ्यात अडकवून चढाच्या माथ्यावर उभे होते. गाडीत बारा पोती कॉफी. मी चढाच्या मध्यावर गाडी उभी केली, ब्रेक दाबून धरला. आरशात बाबा दिसत होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुणीतरी केळी नि सुरी पुढे केली.

“केळी नकोत मला!” बाबा खेकसले. लोक फिदीफिदी हसले.

“अर्तेमिओ, सोल की! बेलार्मिना सोलायची!”

ते बसले. पाठ माझ्याकडे. खांदे कानांपर्यंत वर आलेले. शिट्टी वाजली. मी रेस दिली, क्लच वर घेतला. आवाज खाली बसायच्या आधी इंजिन एकदा घुमतं, जुन्या गाड्यांचं घुमतंच. आईला तो आवाज ठाऊक होता. बाबांनी तीस वर्षं तो आवाज समोरून ऐकला होता, पाठीमागून कधी नाही. मी ब्रेकवरून पाय काढलासुद्धा नव्हता. गाडी तसूभर हलली नव्हती. बाबा स्टुलावरून उठले आणि ढुंगणाला पाय लावून उतारावरून पळत सुटले. टोपी पडली. ती उचलायलाही थांबले नाहीत, थेट बेकरीच्या दारात.

असा हशा त्या चौकात पुन्हा कधी झाला नाही. मी हसले नाही. मला दिसत होती ती बाहेरून कडी असलेली खोली.

एलिओदोरोकाका खाली आले. “माणूस उठलं. नियम तो नियम, पोरी.”

“गाडी हलली नव्हती, काका! सगळ्यांनी बघितलंय!”

“गाडीचं नाही म्हणत मी. माणूस उठलं.”

फाबेर पुढे झाला, तोंडातली काडी काढून म्हणाला, “काका, मग आजच माझी परीक्षा घेऊन टाका. गाडी भरलेलीच आहे.”

एलिओदोरोकाकांनाही वाईट वाटलं असावं. ते तसे वाईट नव्हते. या गोष्टीत खरं तर कुणीच वाईट नाही आणि त्याचीच मला जास्त चीड येते. त्यांनी डोकं खाजवलं, गर्दीकडे बघितलं आणि म्हणाले, “एक करू. घरचं दुसरं माणूस बसणार असेल तर पुन्हा एकदा. बेलार्मिना आहे ना इथे? बेलार्मिना बसली तर कुणाची काही हरकत राहणार नाही.”

“बेलार्मिना! बेलार्मिना!” लोक ओरडले. प्रेमाने ओरडले. गावाला तिचा अभिमान होता ना.

आई चर्चच्या पायरीशी उभी होती. तिने शाल अंगाभोवती घट्ट ओढली. “मी काल सांगितलंय. मी बसणार नाही.”

चौकात कुजबुज सुरू झाली. कसली आई ही, पोरांसाठी बसली नि पोरीसाठी बसत नाही. कुणी म्हणालं, तिलाच भरवसा नाही पोरीचा. हे सगळं मला गाडीत ऐकू येत होतं. आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की मी तरी तिच्या बाजूने आहे.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “आई.”

ती एक पाऊल पुढे आली.

“आई, मला पेरेइराला नाही जायचंय.”

“जाऊ नकोस.”

“नंबर गेला तर काय करू? आई, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. मी गाडी मागे येऊ देणार नाही. तुला माहीत आहे ना!”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “गाडी येणार नाही ते मला माहीत आहे. प्रश्न तो नाहीये, नुबिया.”

“मग?”

ती चढाच्या मध्यापर्यंत चालत आली. खिडकीशी उभी राहिली. इतक्या जवळ, की तिच्या श्वासातला कॉफीचा वास मला आला. “तू सांगतेस म्हणून बसू?”

मी मान हलवली.

“मान नको हलवूस. तोंडाने सांग.”

आजही मला वाटतं, त्या क्षणी मला आणखी काही म्हणता आलं असतं. मी गाडीतून उतरू शकले असते. एलिओदोरोकाकांना म्हणू शकले असते की त्या फाबेरला बसवा स्टुलावर, तोही घरचाच म्हणवतो ना. मी सोळा वर्षांची होते हे खरं, पण इतकं सुचायला सोळा पुष्कळ झाली. मला सुचलं नाही असंही नाही. सुचलं, आणि मी ते गिळलं, कारण आई बसली तर काम लगेच होणार होतं.

“बस, आई,” मी म्हटलं. “मागे जाऊन बस.”

ती मागे गेली. टोपलं कुणीतरी पुढे केलं, ते तिने घेतलं. सुरी घेतली. पाठ माझ्याकडे, तोंड उताराकडे. शिट्टी झाली. मला वाटलं, ती सरावासारखं काहीतरी बोलेल. नुसतं ‘हं’ म्हणाली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही. मी स्वतःच ऐकलं. इंजिन घुमलं, मग आवाज खाली बसला, पाटे करकरले. मी ब्रेक सोडला. जीप केसभरही मागे न येता वर चढली. माथ्यावर नेऊन मी ती उभी केली आणि हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे आरशात बघायचं धाडस झालं. आई तशीच बसली होती. तिच्या हातातलं केळं अर्धवट सोललेलं होतं.

लोकांनी टोप्या उडवल्या. एलिओदोरोकाकांनी माझ्या दरवाजावर चौदा नंबरच्या पाटीशेजारी खडूने माझं नाव लिहिलं. बाबा बेकरीतून बाहेर आले आणि सगळ्यांना सांगू लागले, “माझ्या हाताखाली शिकली पोरगी!” मला त्यांना गाडीखाली घालावंसं वाटलं. पण तो राग सोपा होता. मी तो हातात धरून ठेवला, कारण दुसऱ्या रागाला हात लावायची हिंमत नव्हती.

गर्दी पांगली तेव्हा आई चौकात नव्हती. ती घरच्या वाटेला लागली होती. मी पोती उतरवली आणि गाडी काढली. दुसऱ्या वळणावर ती गाठली. रस्त्याच्या कडेने चालत होती, ना हळू ना भरभर. मी पुढच्या सीटवरचं फडकं उचलून मागे टाकलं, जागा हाताने झाडली आणि शेजारचा दरवाजा उघडला.

“बस आई, पुढे बस. आज तू पुढे बसायचं.”

“मला चालता येतं.”

“दीड तासाचा चढ आहे गं.”

“ठाऊक आहे.”

ती थांबली नाही. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून तिच्या चालीने चालवू लागले. उघडा दरवाजा आपटत होता. माझ्यामागे नऊ नंबर आला, मग तीन नंबर, मग आणखी दोन गाड्या. भोंगे वाजू लागले. मी तशीच चालवत राहिले. रडत होते, ओरडत होते. काय काय बोलले ते आता आठवत नाही. म्हटलं असेन, की बाबांनी चार वेळा बसवलं तेव्हा तू काही बोलली नाहीस. म्हटलं असेन, की मीच का एकटी वाईट.

त्यावर ती थांबली. माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

“तुझ्या बापाने मला कधी बस म्हटलं नाही,” ती म्हणाली. “स्टूल ठेवायचा नि निघून जायचा. तुझ्या भावांनी म्हटलं नाही. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी, मी आहे की नाही ते. मला वाटायचं, ‘बसू का’ असं मी विचारलं असतं तर ‘बस’ हे कदाचित कुणाच्या तोंडून निघालंच नसतं.”

मागून भोंगे वाजतच होते.

“जा पुढे,” आई म्हणाली. “लोकांचा खोळंबा होतोय.”

तिने रस्ता सोडला आणि कॉफीच्या झाडांमधून वर जाणारी खेचरांची पायवाट धरली, जिथे जीप जात नाही. मी क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला आणि मागच्यांना वाट करून देण्यासाठी पुढे गेले.